सोप्यातली ग्रामपंचायत

या आठवड्याचं पत्र करवीर तालुक्यातून आलंय. ओळख पटेल असा मजकूर काढून आणि थोडं आटोपतं करून देते.

"काकू, मी 36 वर्षांची आहे. भोगावतीकाठचं आमचं गाव. दीड वर्षापूर्वी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आले. घरी दोन म्हशी, एक गाय, दीड एकर ऊस. मालक साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. पहाटे साडेपाचला धारेला बसते तेव्हापासून लोक यायला सुरुवात होते. कुणाच्या गल्लीतला दिवा गेलाय, कुणाला पाणी येत नाही, कुणाचं घरकुल अडलंय. रात्री ताटावरून उठावं लागतं. मुलगी दहावीला आहे, ती सोप्यात अभ्यास करते. माणसं आली की वह्या गोळा करून आत जाते. सासूबाई म्हणतात, घर हाय का चावडी? आणि एवढं करून लोक येतात माझ्याकडं, पण बोलतात मालकांशी. पहिले काही महिने सभेलाही तेच जायचे आणि रजिस्टर सहीला घरी यायचं. आता मी स्वतः जाते, तर ते काहींना खटकतं. त्यात आमच्या चुलत दिरांनी गटारीवर कट्टा बांधलाय. पाणी तुंबतं आणि खालच्या चार घरांच्या दारात येतं. तिथल्या बायका म्हणतात, आधी तुमच्या घरचं काढा, मग आमचं बघा. मालक म्हणतात, भावकीत हात घालू नको. कशाला उभी राहिले असं झालंय. राजीनामा देऊन मोकळी होऊ काय?"

पोरी, राजीनाम्याचं आधी बोलते. सरपंचांच्या नावे चार ओळी लिहिल्या की सदस्याचा राजीनामा होतो. तो कागद सहा महिन्यांनीही लिहिता येईल, म्हणून आज लिहू नकोस. तू जे करून दमलीस त्यातलं निम्मं काम ग्रामपंचायत सदस्याचं नाहीच. ते बाजूला काढलं आणि तरीही जमेना असं झालं, तर मग खुशाल दे. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

मीही पाच वर्षं सदस्य होते, कोल्हापूर जिल्ह्यातच, तुझ्यापेक्षा लहान गावात. पहिलं वर्षभर माझीही समजूत होती की दारात आलेल्या प्रत्येकाचं काम मीच केलं पाहिजे. पाणी सोडणाऱ्याला फोन करायचा, दिव्यासाठी वायरमनच्या मागं लागायचं, नाहीतर ज्याचं काम झालं नाही त्याच्यापुढं मान खाली घालायची. एकदा संध्याकाळी डेअरीत दूध घालायला निघाले होते. कमरेवर किटली, हाताला अजून वैरणीचा वास. वाटेत एकानं अडवलं आणि नळाला पाणी का नाही म्हणून भर रस्त्यात चांगली पाच मिनिटं बोलून घेतलं. मी किटली खाली ठेवून ऐकत राहिले, तोवर डेअरी बंद झाली. दूध परत आणून रात्री विरजण लावलं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की त्या माणसाचं पाणी सोडायचा अधिकार मला एकटीला नव्हताच.

ही गोष्ट तुला निवडणुकीआधी कुणी सांगितली नसणार. एकट्या सदस्याला एक बल्ब बदलायचा हुकूम देण्याचाही अधिकार नसतो. अधिकार आहे सभेला. महिन्याला निदान एक मासिक सभा झाली पाहिजे असा नियम आहे. तिच्या नोटिसा तीन दिवस आधी मिळाल्या पाहिजेत. विषय मांडायचा, सूचक-अनुमोदक होऊन ठराव करायचा आणि तो ठराव सरपंच आणि ग्रामसेवकांनी अमलात आणायचा. (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडात अजून भाऊसाहेबच आहे.) तू सोप्यात बसून जे देऊ शकत नाहीस, ते सभेत बसून देऊ शकतेस. गेलं दीड वर्ष ग्रामपंचायत तुझ्या सोप्यात भरते आहे. ती उचलून तिच्या जागी नेऊन ठेव. मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं ते कसं करायचं त्याबद्दल आहे.

एक दोनशे पानी वही आण. पानावर उभ्या रेघा मार आणि पाच घरं कर: तारीख, कोण, काय, कुणाला सांगितलं, झालं का. धारेला बसली असताना कुणी आलं तर एकच सांगायचं, "वहीत लिहून घेते, सभेत मांडते, काय झालं ते सांगते." आणि खरंच लिहायचं, त्यांच्यासमोर. निरक्षर म्हातारीलासुद्धा आपलं नाव वहीत चढताना दिसलं की बरं वाटतं. माझा अनुभव सांगते, महिन्याभरात लोक "काय झालं" ऐवजी "वहीत हाय न्हवं?" असं विचारायला लागले. सभेच्या दोन दिवस आधी वही काढून बसायचं. एकाच गल्लीचे तीन अर्ज असतील तर त्यांचा एक विषय करायचा. सरपंचांना लेखी द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. अजेंड्यावर विषय आधी आला नाही, तर आयत्या वेळच्या विषयात तो चहासोबत संपतो.

घरकुलाचं काम मात्र वेगळ्या पानावर लिही. तिथं यादी असते, क्रम असतो, पंचायत समितीत फाइल असते. "मी बघते" असं घरकुलाबाबत कुणालाही म्हणू नकोस. ज्याला छप्पर नाही तो त्या शब्दावर वर्ष काढतो. त्याच्याबरोबर भाऊसाहेबांकडं जा, यादीत त्याचा क्रमांक कितवा आहे ते त्याच्यासमोर विचार आणि जे असेल ते त्याला तिथंच कळू दे.

आता दाराचं. आठवड्यातले दोन दिवस आणि तास ठरव, समज सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळचं दूध घालून आल्यावर साडेसात ते साडेआठ. जागा ग्रामपंचायतीचा व्हरांडा. सरपंचांशी बोलून तिथल्या दिव्याची आणि दोन खुर्च्यांची सोय करून घे. हे फळ्यावर लिही, गावाच्या ग्रुपवर टाक, दूध संस्थेत सांग. पहिले पंधरा दिवस लोक तरीही घरीच येतील. त्यांना दारातूनच, नीट बोलून, गुरुवारचं सांगायचं. रागावतील. एकदोघं म्हणतील, "निवडून आल्यावर बदलली." ते सोसावं लागेल, त्याला माझ्याकडं दुसरा उपाय नाही.

अपवाद चार: मयत, बाळंतपण, साप आणि पूर. त्याला वेळ नाही आणि व्हरांडाही नाही. पुराचं तुला मी काय सांगणार, भोगावतीकाठची तू. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की रात्री फोन सुरू होतात, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" तिथं पंचगंगेला 39 फुटांवर इशारा आणि 43 वर धोका हे आपल्याकडं शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे. 2019 आणि 2021 मध्ये ज्यांनी जनावरं आधी हलवली त्यांची वाचली आणि ज्यांनी "एवढं येत नाही" म्हणून रात्र काढली, त्यांना दावी कापावी लागली. सदस्याचं खरं काम जूनमध्येच असतं. तुझ्या प्रभागात कुणाकडं किती जनावरं, कोण म्हातारं एकटं, कुणाच्या घरी गरोदर बाई, शाळेची किल्ली कुणाकडं, ट्रॅक्टर कुणाचा मिळेल, हे त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेव. त्या चार दिवसांत तुझं दार सताड उघडं राहू दे. बाकीच्या दिवसांत ते तुझ्या घरच्यांचं असू दे.

सासूबाईंवर तू पत्रात जरा नाराज दिसतेस. मला त्यांचं म्हणणं पटलं. येणाऱ्या प्रत्येकाला चहा कोण करतं? दिवसाला चौदा कप धरले तरी लिटरभर दूध चुलीवर जातं आणि दहा दिवसांच्या दुधाच्या बिलात ते दिसतं. त्या ते बघतात. निवडून तू आलीस आणि त्यांच्या पाठीला काम लागलं, तेही त्यांना कुणी विचारलं नाही. व्हरांड्यात बसायला लागलीस की चहा आपोआप थांबेल. त्याआधी एकदा त्यांच्याशेजारी बसून सांग, "आत्ती, चहाचं तुमच्यावर पडलं, ते मी बंद करते." एवढ्या एका वाक्यासाठी त्या दीड वर्ष थांबल्या असतील असं मला वाटतं.

मालकांबद्दल. तुझ्या पत्रातून तो माणूस वाईट वाटत नाही. लोक त्यांच्याशी बोलतात यात त्यांचा दोष थोडा आणि सवयीचा जास्त. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, पण दारात येऊन "मालक हायत काय घरात?" विचारायची रीत तीच राहिली. त्यांच्याकडून एकच माग. कुणी कामाचं बोलायला लागलं की त्यांनी म्हणायचं, "सदस्य ती हाय, तिला सांगा," आणि उठून गोठ्यात जायचं. उठून जाणं महत्त्वाचं. नुसतं म्हणून तिथंच बसले, तर माणूस पुन्हा त्यांच्याकडंच वळतो.

पण दोन गोष्टींत मी कडक बोलणार आहे आणि हा भाग त्यांनाही वाचून दाखव.

घरी आलेल्या रजिस्टरवर सही, हे पुन्हा कधीही नाही. सभेला न जाता हजेरीची सही करणं खोटं आहेच, शिवाय त्या पानावर पुढं काय लिहिलं जाईल ते तुझ्या हातात राहत नाही. मी पहिल्या वर्षी प्रोसिडिंग बुकाच्या कोऱ्या पानावर सही केली होती, सगळेच करतात म्हणून. दोन महिन्यांनी एका खरेदीच्या ठरावात अनुमोदक म्हणून माझं नाव निघालं. त्या विषयावर सभेत चकार शब्द झाला नव्हता. ती खरेदी मला मान्य नव्हती आणि माझ्याच सहीमुळं मला बोलता आलं नाही. तेव्हापासून सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावायचं आणि ते ऐकल्याशिवाय कायम करू द्यायचं नाही, हे मी धरून ठेवलं. तूही ते धर. आणि हेही लक्षात असू दे, परवानगी न घेता सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं. म्हणजे तुझ्याऐवजी मालक बसत होते तेव्हा कागदावर तुझी खुर्ची त्या खोट्या सह्यांवरच टिकून होती.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या कुठल्याही कामात मालकांच्या किंवा त्यांच्या दोस्ताच्या नावावर तुमच्या घरानं पैसा गुंतवायचा नाही. गटार असो, पेव्हिंग ब्लॉक असो, मुरूम टाकणं असो. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 मध्ये अशा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिश्शासाठी अपात्रता आहे. तसं काही चाललंय असं तू लिहिलेलं नाहीस. पण हंगामी कामगाराला हंगाम संपल्यावर कुणीतरी हे सुचवतंच, म्हणून आधी सांगितलं.

उलट त्यांच्या वाट्याला एक चांगलं काम आहे, सभेच्या दिवशी संध्याकाळची धार. शिवाय सभेची वेळ बदलून माग. पुष्कळ गावांत ती संध्याकाळी पाच-सहाला ठेवतात. त्या वेळी गोठा असलेली कुठलीही बाई येऊ शकत नाही, आणि मग म्हणतात बायका येत नाहीत. सकाळी अकराला ठेवा असं लेखी दे. तुमच्या पंचायतीत निम्म्या बायका आहेत, त्यातल्या दोघीतिघी तरी तुझ्या बाजूनं बोलतील.

आता गटार. तुझ्या पत्रातला हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तू तो शेवटी, घाईत लिहिलास. त्या चार घरांच्या बायका बरोबर बोलतात. तू हा विषय सोडून दिलास, तर वहीतल्या बाकी कुठल्याही ओळीवर त्यांचा विश्वास बसणार नाही.

सुरुवात तुझ्या उंबऱ्यापासून कर. तुमच्या घराची पायरी, न्हाणीचा कट्टा, गोठ्याचा पत्रा, शेणाचा खड्डा, यातलं काही रस्त्यावर किंवा गटारीवर आलंय का ते टेप घेऊन बघ. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्य अपात्र होतो. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं असलं, तरी त्याच घरात राहून ती जागा वापरणाऱ्या सदस्याचं पदही जाऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. चुलत दिरांची चूल वेगळी असेल तर त्यांच्या कट्ट्यानं तुझं पद जाईल असं मी म्हणणार नाही. पण तुमची पायरी बाहेर असेल तर ती आधी तोड आणि गावाला तोडताना दिसू दे.

मग एका संध्याकाळी, दोघांनी मिळून, दिरांच्या घरी जा. गल्लीत उभं राहून बोलू नका. त्यांच्या सोप्यात बसा, पाणी प्या आणि सरळ सांगा: खालच्या चार घरांचा अर्ज येणार आहे, तो सभेपुढं जाणार आहे, त्याआधी तुम्ही आपणहून काढलात तर घराची शोभा राहील. त्यांची अडचणही विचार. बहुतेकदा कट्टा हवा असतो तो जनावर किंवा मोटरसायकल दारात आणायला. कट्टा काढून गटारीवर उचलता येणाऱ्या फरश्या टाकल्या तर दोन्ही भागतं, फरशी उचलून गाळ काढता येतो. हा तोडगा आमच्या गल्लीत चालला होता.

ऐकलं नाही तर त्या चौघींना लेखी अर्ज द्यायला सांग, तोंडी नको. सही-अंगठ्यासह, पोच घेऊन. जागा गावठाणातली सार्वजनिक आहे का त्यांच्या मिळकतीत येते, हे आधी कागदावर बघायला लाव. वाद असेल तर मोजणी करून घ्यायची. सार्वजनिक ठरली तर ते काढायचा अधिकार कलम 53 प्रमाणे ग्रामपंचायतीला आहे. सभेत विषय आल्यावर तू उभी राहून सांग, "हे माझ्या भावकीतलं आहे म्हणून मी सूचक होत नाही, पण माझा विरोध नाही." आणि हे वाक्य इतिवृत्तात लिहून घे. नोटीस ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानं जाऊ दे, तुझ्या तोंडून नको. गटार पुढं नव्यानं करायची झाली तर सांडपाण्याच्या कामाला वित्त आयोगाच्या निधीतून पैसा मिळू शकतो. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली होती. तुमच्या गावाला किती आले आणि कशावर गेले ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलमध्ये बघता येतं. मुलीला एका रविवारी दहा मिनिटं बसव, ती दाखवेल.

भावकी दुखावेल का? दुखावेल. माझ्या थोरल्या जावेनं अशाच एका कारणानं दोन वर्षं अबोला धरला. पुतणीच्या हळदीला मला बोलावणं नव्हतं आणि मी त्या दिवशी घरात बसून रडले. मग एका रात्री त्यांची म्हैस अडली, दीड वाजता त्यांनी माझंच दार वाजवलं. आम्ही दोघींनी पहाटेपर्यंत त्या म्हशीपाशी बसून काढलं. बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं झालं असं म्हणता येणार नाही. तुझंही तसं होऊ शकेल, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

त्या चार घरांच्या बायकांना आणखी एका कामासाठी हाताशी धर. वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती होते. तू ती खरोखर भरव. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींपुढं तो कित्ता ठेवला. एवढी मोठी गोष्ट ज्या वाटेनं झाली त्याच वाटेनं तुझी गटारही जाईल. वीस बायका महिला सभेत बसल्या आणि त्यांनी गटारीचं नाव घेतलं, तर भावकीच्या विरोधात तू एकटी उरत नाहीस.

मुलीचं मी शेवटी ठेवलं, पण करायचं आजच. सोप्यातला तो बाक, ज्यावर येणारे-जाणारे बसतात, तो उचलून गोठ्याच्या पडवीत ने आणि त्या जागी तिचं टेबल ठेव, चांगल्या दिव्याखाली. दारातून आत आलेल्याला बसायला जागा दिसली नाही की तो उभ्यानं बोलतो आणि लवकर जातो. मार्चपर्यंत तो सोपा तिचा.

आणि उद्या सकाळी ग्रामपंचायतीत गेलीस की भिंतीवरचा सदस्यांच्या नावांचा फलक बघ. मला जवळजवळ खात्री आहे की तुझ्या नावापुढं मोबाइल नंबर मालकांचा असेल. पेंटरला बोलाव आणि तिथं तुझा नंबर लिहून घे.